एकोणीस पाकिटं आणि बुधवारचं सैल झाकण

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. होय, मी गोळ्या ठेवायची डबीच बोलतेय. निळी, प्लास्टिकची, सात खणांची, प्रत्येक झाकणावर एकेका वाराचं नाव. त्यातला बुधवार पुसट झालाय आणि त्याचं झाकण सैल आहे, नुसता धक्का लागला तरी उघडतं. आता डबीला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. अहो, घरात सगळ्यात जास्त थापा माझ्याच बाबतीत मारल्या जातात! ज्याला आतलं माहीत, त्याच्याकडे सांगण्यासारखं असतंच.

माझा जन्म कारखान्यातला. मग काही महिने औषधाच्या दुकानात खिळ्याला लटकून काढले. तिथून एका बाईंनी मला आपल्या नवऱ्यासाठी उचललं. तो नवरा म्हणजे आमचे बाबा. उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे वेळेच्या बाबतीत माणूस कडक. सकाळी आठ म्हणजे आठ. झाकण टक्कन उघडायचं, गोळ्या तोंडात, वर पाणी, आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणायचे, "घेतली बरं का!"

शनिवारी मात्र मित्रांकडे पत्त्यांचा डाव असायचा. शनिवारच्या खणात लघवी साफ होण्याची एक गोळी असे. ती घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागणार, आणि हातात चांगली पानं असताना कोण उठतो? मग बाबा ती गोळी हळूच खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत खोचायचे आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणायचे, "घेतली बरं का!" कोरफडीला काय वाटलं असेल ते तिलाच ठाऊक. मी गप्प राहिले. डबीचा धर्मच तो.

पुढे त्या बाई गेल्या. बाबांच्या गोळ्या वाढल्या, चौदा खणांची नवी डबी आली, आणि माझी रवानगी कपाटाच्या खणात झाली, किल्ल्या हरवलेल्या कुलपांच्या सोबतीला. दोन वर्षं तिथे काढली. वाटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात घरात गोड बातमी आली.

बाबांची सून पोस्टात कामाला. खिडकी क्रमांक तीन, रजिस्टर टपाल आणि पार्सलं. बाबा तिला सूनबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. बाबांनी मला खणातून काढलं, घड्याळाच्या बारीक ब्रशने माझा कोपरा न् कोपरा घासला आणि तिच्या हातात ठेवलं. "घड्याळ आणि गोळी, दोन्ही वेळेवर. कळलं ना?"

"कळलं, बाबा," ती म्हणाली. आणि मनापासून म्हणाली, हे मी शपथेवर सांगते. या बाळासाठी तिने तीन वर्षं वाट पाहिली होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी ती बाळाची चाहूल लागायच्या आधीपासून घेत होती, एकही न चुकवता. तिच्या पोस्टातल्या टेबलावर संध्याकाळी एक कागद शिल्लक राहिला तर शपथ. आजचं टपाल आजच, हा तिचा बाणा.

मग सातव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या.

काय सांगू तुम्हाला! पाणी प्यायलं की उलटी, नाही प्यायलं तरी मळमळ. पोस्टातला डिंक नकोसा, लाख नकोशी, शाई नकोशी. तिचा नवरा साबणाच्या कारखान्यात. ज्या गुलाबाच्या वासावर भाळून हिने लग्न केलं, तोच वास दारातून आला की ही आतल्या दारातून पळायची. बिचारा दारातच शर्ट काढून उभा राहायचा.

"अगं, मी आत येऊ का?"

"ये. पण श्वास सोडू नकोस!"

आता माझ्या पोटातली गोळी म्हणाल तर ही एवढी मोठी, विटकरी रंगाची, लोहाची आणि जीवनसत्त्वांची. धडधाकट माणसानेही घोट घेण्याआधी विचार करावा. सूनबाई ती पोस्टात घेऊन जायची, कारण घरी सकाळी जमायचं नाही. अकरा वाजता गिऱ्हाईक कमी झालं की मला पर्समधून काढायची, गोळी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची. एखाद्या दिवशी जायची. बहुतेक दिवशी पाचव्या मिनिटाला परत यायची, पत्ता चुकलेल्या पार्सलासारखी.

बरं, बाबा रोज संध्याकाळी मला कानाशी धरून हलवायचे. घड्याळजीचा तो कान, आजच्या वाराचा खण वाजला नाही की खूश. "वा! घेतली वाटतं!" सूनबाई मान डोलवायची. म्हातारा माणूस, बायको गेल्यापासून पहिल्यांदा एवढ्या उत्साहात आलेला. त्याला काय सांगणार?

म्हणून तिने एक युक्ती केली, आणि ही युक्ती पोस्टातल्याच माणसाला सुचावी. न गेलेली गोळी ती एका छोट्या खाकी पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायची आणि त्यावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारायची. ठप्प! उलटून पडली असेल तर पाकीट रिकामंच, पण शिक्का मात्र ठसठशीत. आणि सगळी पाकिटं टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात. जगात कोणी आपल्याविरुद्धचा पुरावा इतका व्यवस्थित जपला नसेल.

चार आठवड्यांत एकोणीस पाकिटं झाली.

मी तिची चेष्टा करते खरी, पण ते तिचं रोज दुपारी खण उघडून पाकिटं चाळणं मला बघवत नव्हतं. पोटावर हात ठेवून ती ओठांतल्या ओठांत म्हणायची, "बाळा, तुझं काही राहिलं नाही ना रे माझ्यामुळे?" डॉक्टरबाईंना फोन करायला हात जायचा आणि मागे यायचा. त्या काय म्हणतील? एवढी साधी गोळी घेता येत नाही आणि आई व्हायला निघाली?

मग एका रविवारी तिने ठरवलं, साचलेलं टपाल उरकायचं. दुपारी सगळे बसलेले असताना ती मला घेऊन न्हाणीघरात गेली आणि एकदम दोन गोळ्या गिळल्या. दोनच! माझ्या हिशेबाने तिचा बेत पुढेही जाण्याचा होता. पण पोटाने तिथेच हात टेकले. अशी उलटी झाली की मी हातातून निसटले, बुधवारचं झाकण उघडलं आणि तिसरी गोळी घरंगळत दाराखालून बाहेर गेली.

बाहेर बाबा उभे होते. गोळी त्यांच्या चपलेला लागली.

"सूनबाई? ही सैल झाकणातली बुधवारची गोळी रविवारी काय करतेय?"

आत नुसतं रडू. मग बंद दाराआडून एका दमात सगळं आलं, "बाबा, मी एकोणीस गोळ्या चुकवल्यात. डबी मीच रिकामी करत होते. बाळाला काही झालं असेल तर मी काय करू?"

मला वाटलं, आता घड्याळाचं व्याख्यान सुरू होणार. पण बाबा दाराला पाठ टेकून खाली जमिनीवर बसले, गुडघे दुखत असताना.

"तुझ्या सासूला मी सहा वर्षं फसवलं," ते म्हणाले. "दर शनिवारी एक गोळी कोरफडीला."

आतलं रडू थांबलं. "म्हणजे?"

"पत्ते असायचे ना."

आधी नाक ओढल्याचा आवाज, मग हुंदका आणि हसू एकत्र. "बाबा, आणि तुम्ही मला घड्याळ आणि गोळी सांगत होतात?"

"हो. फार चुकलं माझं. मी डबी हलवून बघत बसलो, पोरी, तुला कधी विचारलंच नाही. ऊठ आता, तोंड धू. उद्या पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जायचं. मी येतो. माझीही कोरफड सांगून टाकतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या टेबलावर एकोणीस पाकिटं मांडली गेली, तारखेप्रमाणे. त्यांनी एकेक उचलून पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "वीस वर्षं झाली मला या कामात, पण सरकारी शिक्का मारलेली उलटी पहिल्यांदाच बघतेय!"

मग त्या गंभीर झाल्या आणि रागावल्यासुद्धा. गोळ्या चुकल्या म्हणून नाही. पाणी टिकत नसताना महिनाभर न सांगता बसली म्हणून. "हे असं निम्म्या बायकांचं होतं गं. तू आधीपासून घेत होतीस, ते वाया गेलेलं नाही. ही मोठी गोळी थोडे दिवस बंद, हिनेच मळमळ वाढते. ही छोटीशी घे, दिवसातल्या ज्या वेळी बरं वाटेल त्या वेळी. उलटीवरही औषध देते. आणि चुकलेली भरून काढायला दोन घ्यायच्या नाहीत. कधीच नाही. बाळ काय तुझं पोस्ट आहे?"

"पण ते ठीक आहे ना?" सूनबाईने विचारलं.

"चल, त्यालाच विचारू."

मी तिच्या मुठीत होते. पोटावर यंत्र फिरलं, आधी नुसती खरखर, आणि मग आलं ते. ठप्पठप्पठप्पठप्प. पोस्टात सणासुदीच्या गर्दीतही कोणी इतक्या वेगाने शिक्के मारत नाही! सूनबाईने मला इतकं घट्ट आवळलं की बुधवार पुन्हा उघडला. बाबांनी सवयीने घड्याळ काढलं, ठोके मोजायला लागले आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे मधेच विसरले.

डॉक्टरबाईंनी एक रिकामं पाकीट घेतलं, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि तिला परत दिलं. तिने ते चार घड्या करून बुधवारच्या खणात ठेवलं. बाळ होईपर्यंत त्या खणात दुसरं काही गेलं नाही. बुधवारची गोळी गुरुवारच्या शेजारणीकडे राहायला गेली. बाबांनी मला हलवणं सोडलं. संध्याकाळी ते एवढंच विचारायचे, "आज काय टिकलं?" ती म्हणायची, "अर्धं केळं, बाबा." आणि ते म्हणायचे, "अर्धं? मग तर आज मेजवानीच!"

मुलगी झाली. चांगली धष्टपुष्ट आहे, आणि आवाज आजोबांवर गेलाय.

आता माझं म्हणाल तर मी पुन्हा निघालेय. पोस्टात शेजारच्या खिडकीवर एक नवी मुलगी आलीय. गेला आठवडाभर ती डिंकाच्या बाटलीपासून तोंड फिरवून बसते आणि टेबलाचा सर्वांत खालचा खण कुणालाही उघडू देत नाही. सूनबाईने आज मला तिच्यापुढे ठेवलं. काही विचारलं नाही, उपदेश केला नाही. "बुधवारचं झाकण तेवढं सैल आहे," एवढंच म्हणाली आणि आपल्या खिडकीवर गेली.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिला हलवून बघू नका हो. रिकामी डबी काहीच सांगत नाही. जिची डबी आहे तिच्याशेजारी जरा बसा, आणि गुडघे दुखत असले तरी खाली बसा.

नव्या मुलीने मला हातात घेतलं. झाकण आपोआप उघडलं. तिने ते पाकीट काढलं, घडी उलगडली आणि वाचलं: 'पत्ता बरोबर आहे. बाळ पोचतंय.'

तिने खालचा खण उघडला आणि सूनबाईला हाक मारली.