हात हलला तर

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे, ऑटोमॅटिक जातीचं. या नावाने भल्याभल्यांची फसगत होते. चावीच्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागते, सेलच्या घड्याळात सेल घालावा लागतो. तेव्हा ऑटोमॅटिक म्हणजे आपलं आपण चालणारं, असं लोक धरून बसतात. तसं नसतं हो. माझ्या पोटात एक अर्धगोल वजन आहे. मनगट हललं की ते फिरतं आणि माझी स्प्रिंग गुंडाळली जाते.

माझे मालक सुतार होते. त्यांचा रंधा सुरू झाला की मला उसंत नसे. तेवीस वर्षं तेलपाण्यापुरतीच काय ती सुट्टी मिळाली. गिऱ्हाइकांपुढे ते माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई.

मग त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा पडला, वाचाही गेली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. हा हात सकाळ-संध्याकाळ हलवलात तर पकड परत येईल, नाहीतर कायमचा आखडेल, असं त्यांनी मुलाला बजावलं. मुलाने आठवडाभर नेमाने केलं. मग एक वेळ राहू लागली, मग दोन्ही. बाई विचारत तेव्हा तो रोज करतो म्हणे. मालक नुसते बघत राहत.

त्यांच्या त्या डाव्या मनगटावर मी बंद पडलो.

मुलगा मला घड्याळजींकडे घेऊन गेला आणि सेल बदला म्हणाला. त्यांनी मला दोनदा हलवलं. मी लगेच चालू लागलो.

"यात सेल नसतो," ते म्हणाले. "घड्याळाला काही झालेलं नाही. ज्यांच्या हातावर होतं, त्यांचा हात हललेला नाही."

मुलाची मान खाली गेली. मला वाटलं, आता हा घरी जाऊन वडिलांचा हात हातात घेईल. पण त्याने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"मग ते सेलचं द्या. हात हलो न हलो, चालायला पाहिजे."

आता त्या मनगटावर ते नवं घड्याळ अचूक चालतं. मी पलंगाशेजारच्या खणात पडून असतो. परवा बाई येऊन गेल्या. बोटं आखडली, आता उघडणार नाहीत, असं त्या मुलाला सांगत होत्या.

मित्रांनो, आम्हा घड्याळांच्या जाती विसरलात तरी चालेल. पण घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्याचा हात रोज हातात घ्या, आजच घ्या. मला कुणी दहा वर्षांनी हलवलं तरी मी चालू लागेन. मालकांचा हात नाही चालणार.