त्र्याण्णवचा ठिपका

मी ठिपका बोलतोय. हो, ठिपकाच, हसू नका. लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या फलकावर तीस वर्षांची एक रेघ वर चढत गेली आहे. तिच्यावर दर सालाचा एक, असे आम्ही तीस ठिपके. त्यातला सगळ्यात अवघडलेला, भर चढणीत खाली बसलेला, १९९३ चा, तो मी.

माझा जन्म सुमय्याच्या कॉम्प्युटरवर झाला. पोरगी अर्धापूरची, नांदेडला संख्याशास्त्र शिकलेली, पहिलीच नोकरी. मागे प्रिंटर सुरू झाला तरी दचकायची. पण कोड लिहायला बसली की मान वर करत नसे. क्लासला तीस वर्षं झाली म्हणून मालक अनंतराव सरांनी तिला काम दिलं होतं: दर वर्षी शेवटपर्यंत किती मुलं टिकली, त्याचा आलेख काढ, ॲडमिशनच्या आधी चौकात लावायचाय.

तिनं जुने हजेरीपट उघडले, आकडे भरले. कोडमध्ये इंग्रजी 'ओ' लिहिला आणि आम्ही तीसही जण गोल, निळे, एका मापाचे होऊन रेघेवर बसलो. ब्याण्णवला चौसष्ट, चौऱ्याण्णवला ऐंशी. मधे मी, एक्केचाळीस.

सरांनी चष्मा वर केला. "हा खड्डा कशाचा?"

"भूकंपाचं साल आहे, सर."

"पालक ॲडमिशनला येऊन राहिलेत, आन् तू त्यांना भूकंप दाखवतीस? काढ तो ठिपका."

"हो सर," म्हणत सुमय्यानं माझं माप शून्य केलं.

शून्य मापाचा ठिपका जागेवरच असतो, फक्त दिसत नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांना विचारा, ती सांगतील. मी मात्र आतल्या आत खूश होतो. कारण रेघ अजून माझ्यापर्यंत वाकून येत होती! मला झाकाल, तिला कसं झाकाल?

सरांच्याही ते ध्यानात आलं. "अगं, रेघ खाली येतेच की! त्या आकड्याची ओळच उडव. ब्याण्णववरनं डायरेक्ट चौऱ्याण्णव. संध्याकाळपर्यंत छापायला गेलं पाहिजे. जमत नसेल तर सांग, दुसरं कुणी बघतो."

ओळ गेली की मी गेलो. सुमय्याचं बोट डिलीटच्या बटणावर आलं आणि तिथंच अडकलं. तेवढ्यात चहा घेऊन चांदबी आली. क्लासच्या पहिल्या वर्षापासून झाडलोट आणि चहा तिच्याकडेच. सुमय्या तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायची.

"काय गं, तोंड कशानं उतरलं?"

"खाला, त्र्याण्णव काढायला सांगितलंय. त्या वर्षी पोरं फार गळाली ना."

"गळाली?" खालानं कप आपटलाच. "टिकली म्हण! भूकंपानंतर इथं छताखाली बसायला कुणी तयार नव्हतं. पंखा हलला तरी माणसं बाहेर पळायची. लई पोरं घरी गेली, काहींचं तर गावच न्हाई उरलं. मग सरांनी फळा उचलला, मैदानात लिंबाला टेकवला. थंडीत चादरी पांघरून बसायची लेकरं. चहा मीच करायची, मला विचार."

"सर कधी बोलले नाहीत हे."

"मास्तर माणूस हाय. गणितं तेवढी बोलतो."

खाला गेली. सुमय्यानं बोट उचललं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सगळ्या ठिपक्यांना सारखा आकार द्यायला एक ओळ पुरते. एकालाच वेगळा द्यायचा, तर त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. सुमय्यानं ती लिहिली. माझ्यापुरता 'ओ' गेला, स्क्वेअरचा 'एस' आला. गोल होतो, चौकोन झालो. रंग काळा. माप इतरांच्या तिप्पट. फळाच झालो म्हणा ना!

सर आले आणि बघतच राहिले. "मी काढ म्हणलो, तर तू मोठा केलास?"

सुमय्या अशी दचकली की खुर्ची भिंतीला लागली. आवाज चिरकला, पण निघाला. "सर, मी ती ओळ काढणार नाही. माणसं छताखाली यायला भीत होती, तेव्हा एक्केचाळीस पोरं तुमच्या फळ्यासमोर बसली. हे लपवायचं साल आहे का? नोकरीवरून काढायचं तर काढा. ओळ काढायची तर हे बटण. तुम्हीच दाबा." तिनं कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला.

सर बसले. बोट पुढं आलं. मी काळाकुट्ट, त्यांच्या नजरेला नजर देऊन. दाबा म्हटलं, हिंमत असेल तर!

"एक्केचाळीस चूक आहे," सर म्हणाले.

"हजेरीत तेवढीच आहेत, सर."

"आणखी एक पोरगी होती, हजेरीत न्हाई ती. जानेवारीत आली, निलंग्याकडनं. डोक्याला पट्टी. आठ-दहा दिवस नुसती फळ्याकडं बघत बसायची, नाव विचारलं तरी बोलायची न्हाई. मग नाव चढवायचं राहूनच गेलं." कप न्यायला चांदबी दारात आली होती, सर तिकडं वळले. "चांदबी, काय नाव गं तिचं?"

"गंगम्मा."

"बेचाळीस कर," सर म्हणाले आणि बोट मागं घेतलं.

सुमय्यानं एक्केचाळीसचं बेचाळीस केलं. मी केसभर वर सरकलो.

आता चौकात आहे. उन्हानं निळे ठिपके विटत चाललेत, मी अजून काळा आहे. माझ्या खाली सुमय्यानं छापून घेतलंय: 'या वर्षी वर्ग मैदानात भरला.' पालक बोट दाखवतात, "इथं लई घसरले की हे!" काही जण खालचं वाचतात, काही शेजारच्या क्लासच्या पायऱ्या चढतात. चढू देत.

आलेख काढणाऱ्यांनो, मला गोल करा, चौकोनी करा, पाहिजे तो रंग फासा, हरकत नाही. पण चढती रेघ सरळ दिसावी म्हणून मला उडवायला आलात, तर आधी एवढं सांगा: त्या बेचाळीस जणांना कुठं बसवणार?