चौतीस घरांचा नंबर

"काकू, दिवसभर ट्रॉली घेऊन उभा राह्यलो मी मोताळ्यात! लोकं हासून राह्यले मायावर!"

गोपाळ ट्रॅक्टरवरून उतरला तो हे ओरडतच. मागे ट्रॉलीत सोयाबीनची पोती सकाळी भरली होती तशीच्या तशी. तानाबाई अंगणवाडीच्या ओट्यावर खिचडीचं पातेलं घासत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि वीतभर लांब धरला. मग जवळ आणला. मग मान तिरपी करून पाहिला.

"मेसेज तं तुयाच व्हता, गोपाळ. नोंदणी नंबराच्या शेवटी त्र्याहत्तर हाय नं."

"अठ्ठ्याहत्तर हाय तो! इंद्रभानची पाळी व्हती आज, मायी नाही. तीनात अन् आठात फरक नाही दिसत काय तुमाले?"

"दिसते तं."

"काय दिसते? दिसत नसन तं तसं सांगा नं बाप्पा!"

तो तणतणत गेला. खरेदी केंद्रावरच्या बाबूनं इंद्रभानला उद्या या म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे कुणाचं फार बिघडलं नाही. बिघडलं ते तानाबाईचं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून एकाचा निरोप दुसऱ्याच्या दारात गेला होता, आणि तो का गेला हे तिला एकटीलाच माहीत होतं.

आता गोपाळचे आणि इंद्रभानचे मेसेज या बाईच्या मोबाईलवर कसे, असं विचाराल तर त्या वस्तीची रीतच तशी. धामणगाव बढ्याच्या रस्त्याला लागून चौतीस घरं. मोबाईल घरटी दोन-दोन, पण नंबराचा भरवसा नाही. जिथे स्वस्त ऑफर तिथलं सिम. रिचार्ज संपलं की ते फळीवर, की आणलं दुसरं. आणि कुठलाही फॉर्म भरायला जा, पहिला प्रश्न ठरलेला, मोबाईल नंबर? मग माणूस डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "तानाबाईचा टाका." ती अंगणवाडीची मदतनीस. तिथली कामं मोबाईलवर, म्हणून तिचं रिचार्ज कधी चुकायचं नाही, नंबर कधी बंद पडायचा नाही. एकानं टाकला, दुसऱ्यानं टाकला, आणि बघता बघता गॅस, लसीकरण, पीक विमा, शिष्यवृत्ती, खरेदी केंद्र, असं सगळ्या वस्तीचं सगळं त्या सातवी पास बाईच्या कमरेला येऊन लटकलं.

दुसरी कुणी असती तर वैतागून मोबाईल विहिरीत टाकून मोकळी झाली असती. दिवसाला शंभर-दीडशे मेसेज म्हणजे काय चेष्टा आहे! पण ही बाई वेगळ्याच मातीची. कुणी शिकवलं नाही, बोटानं दाबत दाबत शिकली. फुलांच्या नि सुविचारांच्या ग्रुपांचा आवाज तिनं एका दुपारी बसून बंद केला. लॉटरीवाल्यांना आणि कर्जवाल्यांना ब्लॉक केलं. कामाचे तेवढे पिन करून वर ठेवले. आणि मग खरी कमाल केली. प्रत्येक कामाला वेगळा आवाज लावला, तोही स्वतः रेकॉर्ड करून. खरेदी केंद्राचा मेसेज आला की इंद्रभानच्या बैलाची घुंगरं वाजायची. गॅसचा आला की पेल्यावर चमचा. लसीचा आला की अंगणवाडीतल्या पोराचं भोकाड. ओटीपी आला की कोंबडी कलकलायची, आणि खरी कोंबडी कोणती नि मोबाईलमधली कोणती हे तिच्या मांजराला शेवटपर्यंत कळलं नाही.

नियमही तिचे पक्के. मेसेज आला की पुढे पाठवायचा नाही. त्या घरी चालत जायचं आणि तोंडानं सांगायचं. "पाठोला तं वाचला का नाही, काय भरोसा? सांगतला म्हणजे सांगतला," असं तिचं म्हणणं. ओटीपी तर माणूस समोर उभा असल्याशिवाय सांगायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. एकदा कुणी लबाड फोनवर साहेब बनून ओटीपी मागायला लागला. तानाबाई म्हणाली, "साहेब, वस्तीवर या. चहा प्या. समोरासमोर सांगीन." साहेब काही चहाला आला नाही.

त्या संध्याकाळी गोपाळची मुलगी डिंपल तिच्याकडे आली. मोताळ्याच्या कॉलेजात बारावीला असलेली, बोलायला फटकळ, मनानं बापापेक्षा मऊ.

"मावशी, बाबाचं मनावर नका घेऊ. आना इकडं मोबाईल, मी पाहून देतो."

तानाबाई जरा घुटमळली, पण दिला. डिंपल मेसेज खाली सरकवत गेली आणि मध्येच थांबली.

"हे काय हो? डोळ्याच्या दवाखान्याचे मेसेज हायेत. तुमाले ऑपरेशनची तारीख देली व्हती, ऑक्टोबरात! मंग नोव्हेंबरात. अन् ही तिसरी, ह्या गुरुवारची."

"हाव. वाचले म्या."

"वाचले? मंग गेल्या काऊन नाही?"

"ऑक्टोबरात शिष्यवृत्तीचे ओटीपी येऊन राह्यले व्हते, त्यात तुयाच एक. नोव्हेंबरात सोयाबीनच्या पाळ्या. डॉक्टर म्हणते, पंधरा दिवस मोबाईलकडं पाहाचं नाही. पंधरा दिवस चौतीस घरं कोणं पाहाची?"

"अन् डोळा?"

"दुसरा हाय नं."

दुसराही काही धड नव्हता. मोतीबिंदू दोन्हींत होता. उजवा पार पिकला होता आणि आता थांबलात तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. जगाच्या तारखा घरोघर पोचवणारी ही बाई स्वतःची तारीख दोनदा गिळून बसली होती. अशा माणसावर रागवावं की त्याच्या पाया पडावं! डिंपलनं दोन्ही केलं. आधी पाया पडली, मग भांडली.

"गुरुवारी मी नेतो तुमाले बुलडाण्याले. काई एक आयकणार नाही. अन् उद्यापासून घरोघर जाऊन सगळ्याईचे नंबर बदलवतो. ज्याचा मेसेज त्याच्या खिशात."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून ती वही-पेन घेऊन निघाली. तानाबाईही सोबत होती. डिंपल कुणाला वेडंवाकडं बोलेल याची तिला धास्ती. पण बोलायची वेळच आली नाही. बाईच्या डोळ्यांचं ऐकून माणसं वरमली. गोपाळनं सगळ्यांत आधी स्वतःचा नंबर लिहून दिला आणि खाली मान घालून म्हणाला, "काकू, काल जास्तच बोललो मी." तानाबाई म्हणाली, "खरं तेच बोलला तू." दुपारपर्यंत निम्मी घरं झाली. उरलेल्यांना मोताळ्याला जाऊन, अंगठा देऊन नंबर बदलावे लागणार होते, त्याला महिना तरी जाणार होता.

अडलं ते भगवानरावांच्या दारात. भगवानराव म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं काढलेला माणूस. बायको गेलेली, मुलगा पुण्याला, घर वस्तीच्या पार टोकाला. खाटेवर उशाशी मोठा चकचकीत मोबाईल होता, मुलानं पाठवलेला.

"आबा, हा तं मावशीच्यापेक्षा भारी हाय! नंबर बी कवाच बदलला नाही तुमी. मंग गॅसले मावशीचा काऊन देला?" डिंपलनं विचारलं.

म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांगा नं, आबा. इंग्रजी बी येते तुमाले वाचता."

"येते नं," भगवानराव म्हणाले. "माया नंबर देला तं मेसेज माया खिशात येईन, पोरी. मंग दारात कोण येईन?"

डिंपलनं वही मिटली. तानाबाईला एकेक आठवायला लागलं. गॅसचा एका ओळीचा निरोप, आणि तेवढ्यासाठी आबा शेगडी पेटवून चहा ठेवायचे, पाटावर बसवायचे, गोपाळच्या ट्रॅक्टरपासून पुण्याच्या नातवाच्या दातांपर्यंत सगळं बोलायचे. तिला वाटायचं, म्हातारा चिवट आहे, सुटका करत नाही.

"लबाड हा तुमी, आबा," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

मग तानाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि मोबाईलसकट खाटेवर ठेवली.

"गुरुवारपासून पंधरा दिवस मी कोणाच्या दारात जाऊ शकत नाही. तुमी जा."

"मी? गुडघे पाहाले काय माये?"

"पाहाले. चालसान तं मोकळे होतीन. दारात कोणी येत नाही म्हणून बसल्यापेक्षा दुसऱ्याच्या दारात जा नं."

भगवानरावांनी तिच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "कोंबडी म्हणजे ओटीपी नं?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी ऑपरेशन नीट झालं. शुक्रवारी तानाबाई काळा चष्मा लावून घरी आली. वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. अंगणवाडीतली बाई डबा पाठवायची आणि डिंपल संध्याकाळी येऊन वस्तीची खबर सांगायची. पहिल्या दोन दिवसांत आबांनी नुसता गोंधळ घातला होता. कोणता मेसेज कामाचा नि कोणता फालतू हे न बघता आला तो पोचवायचा, असा त्यांचा खाक्या. भर दुपारी काठी टेकत इंद्रभानच्या दारात गेले आणि म्हणाले, "इंद्रभान, कॉलरट्यून फुकट भेटून राह्यली, एक दाबा म्हणते." इंद्रभाननं त्यांना ताक पाजलं आणि एक दाबायचं नाही असं समजावून परत पाठवलं. तानाबाई हसून हसून बेजार झाली.

तिसऱ्या दिवसापासून मात्र आबांना उमगायला लागलं. लसीच्या मेसेजवर त्यांनी एका तान्ह्या पोराच्या आईला वेळेवर गाठलं. दोघा शेतकऱ्यांच्या सोयाबीनच्या पाळ्या बिनचूक सांगितल्या, आकडे तीन-तीनदा तपासून. वस्तीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्यांना अर्धा तास लागायचा, आणि प्रत्येक दारात थोडं बसणं व्हायचं. वाट बघायला लागली होती माणसं त्यांची.

हे सगळं ऐकून तानाबाईला आनंद झाला, पण खरं सांगायचं तर मनातून कसंसंही झालं. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे पचवायला वेळ लागतो. सहा वर्षं कमरेला जी पिशवी होती तिच्या जागी हात पुन्हा पुन्हा जायचा आणि रिकामा परत यायचा.

नवव्या दिवशी सकाळी ती अंगणात बाजेवर बसली होती. उजव्या डोळ्याला चष्म्यातूनसुद्धा लिंबाचं पान न् पान सुटं दिसायला लागलं होतं. गल्लीतून भगवानराव येताना दिसले. स्वच्छ टोपी, कमरेला पिशवी, हातात काठी. दोनदा थांबून त्यांनी दम खाल्ला.

"कोणता समजत नाही, आबा? सांगा," तिनं लांबूनच विचारलं.

"समजला नं. आता मी काय नवा राह्यलो काय?" ते बाजेपुढे येऊन उभे राहिले. मोबाईल काढला, हातभर लांब धरला आणि एकेक शब्द लावत वाचला, "तानाबाई. तपासणी सोमवारी, सकाळी धा वाजता. डाव्या डोळ्याची तारीख तवाच देतीन."

तानाबाईनं काळा चष्मा नीट केला.

"आयकलं काय, ताना? तुयाच मेसेज हाय. सांगाले आलो."

"आयकलं," ती म्हणाली. मग बाजेवर सरकून जागा करत म्हणाली, "एकडाव आनखी वाचा, आबा."

भगवानराव बाजेच्या कडेला बसले, काठी भिंतीला लावली आणि पहिल्यापासून वाचायला लागले.