चोवीस वर्षांची चांदी

तिने बारीक टोकदार सळई उजवीकडच्या दाढेत भरलेल्या चांदीच्या कडेवरून फिरवली. कुठेही अडकली नाही.

"बघितलंत? खाच म्हणून नाही," ती मागे वळून म्हणाली. दंतविद्यालयातल्या त्या खुर्चीभोवती तिचे चार विद्यार्थी माना लांबवून उभे होते. खुर्चीत तिचे बाबा आ वासून पडले होते. बोलायची सोय नसल्यामुळे नुसत्या भुवया उडवत होते.

"दातात सिमेंट भरलं तर पाचेक वर्षं जातं. दातांच्या रंगाचं पांढरं भरण सात ते दहा. चांदी दहा ते पंधरा. मग ही किती वर्षांची असेल?"

"बारा?"

"चोवीस! माझ्या परीक्षेतली. पेशंट आपला आपणच आणायचा असतो, म्हणून मी घरातलाच धरून आणला. परीक्षक म्हणाले, वर्षभर टिकलं तरी नशीब. काठावर पास केलं मला." तिने हातमोजे उगाच ताणले. "आज ते असते, तर हाताला धरून आणलं असतं इथे."

बाबांनी अंगठा वर केला. सगळे हसले.

"आता एकेकाने बघा. घाई नको."

चष्मेवाली मुलगी शेवटी वाकली. तिने छोटा आरसा उजवीकडे धरला, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"मॅडम, डावीकडच्या दाढा झिजून पार सपाट झाल्यात. या बाजूच्या मात्र कोऱ्या करकरीत. आणि कीटणही इथेच साठलंय." ती थबकली. "आजोबा, तुम्ही उजवीकडून चावतच नाही का?"

बाबांनी तोंड मिटलं, रुमालाने ओठ पुसले आणि छताकडे पाहत राहिले.

"बाबा?"

"अगं, ते तुझे परीक्षक वर्षभर म्हणाले होते. म्हटलं, वर्षभर तरी सांभाळावं. मग सवयच लागली."

तिने बाबांच्या तोंडावरचा दिवा बाजूला सारला. मग चष्मेवालीच्या पाठीवर तिने हात ठेवला.

"शाब्बास. मी इतकी वर्षं बघतेय, मला नाही दिसलं. लिहून घ्या रे, हे भरण वापरलंच गेलं नाही, मोजणीत धरायचं नाही." तिने हात पुढे केला. "कुणाच्या डब्यात काही कडक आहे?"

एकाने बदाम काढले.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "तुटलंबिटलं तर?"

"तर मी पुन्हा भरीन. आता येतं मला."

बाबांनी बदाम तोंडात टाकला. तो डावीकडे गेला. त्यांनी जिभेने हळूच उजवीकडे आणला. खोलीत कोणी हललं नाही. कडकन आवाज झाला.

बाबांनी सावकाश चावून गिळलं आणि हात पुढे केला.

"आणखी एक दे."