घरात किती जण

रालित्साने चुलीवरच्या दोरीवरचे लंगोट ओढून काढले आणि ओलेच उशीच्या अभ्र्यात कोंबले. त्यामागोमाग इवलेसे लोकरी मोजे, खुळखुळा, खिडकीतली दुधाची बाटली. बाळ एवढंसं, पण त्याचा पसारा घरभर. चिमुकला चमचा टेबलाच्या कडेला पडला होता, तो तिने एप्रनच्या खिशात टाकला आणि खोलीभर पुन्हा एकदा नजर फिरवली. पोलिसाची नजर, इवायलो चिडवायचा. नवरा चिडवायला जवळ होता तेव्हाची गोष्ट.

त्सोना आजी पिठात हात घालून उभी होती. उपवासाचा रोट मळत होती आणि नातसुनेच्या धावपळीकडे जणू तिचं लक्षच नव्हतं.

"आजी, शेवटचं एकदा म्हणू या. कचेरीतल्या बाई विचारतील, घरात किती जण?"

"कालच म्हणून झालं की."

"तरी पण."

आजीने पिठाचा गोळा उलटा आपटला. "आजच यायचं होतं का तिला? उद्या नसतं का चाललं?"

हाच प्रश्न आजीने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता. रालित्साने समजावलं, की तारीख कचेरीने ठरवली आहे, पुढे नाताळची सुट्टी लागेल, आणि तोवर मदत अडकूनच राहील. आजीने मान हलवली आणि पुन्हा मळायला लागली. मदत म्हणजे हिवाळ्याच्या सरपणासाठी सरकार गरीब म्हाताऱ्यांना देतं ती. आजीला ती वर्षानुवर्षं मिळत होती, एकट्या राहणाऱ्या विधवेच्या दराने. यंदा मात्र कुणीतरी कचेरीत कळवलं, की म्हातारीच्या अंगणात लंगोट वाळत असतात. कळवणारीचं घर कुंपणापलीकडेच होतं. आजीला नाव ठाऊक होतं, पण सणाच्या तोंडावर जीभ कशाला विटाळायची, म्हणून ती ते घेत नव्हती.

लंगोटांची गोष्ट मात्र खरी होती. इवायलो स्पेनला भाजीच्या हरितगृहांत कामाला गेला, व्रात्सा शहरातल्या फ्लॅटचं भाडं झेपेना, आणि उन्हाळा सरता सरता रालित्सा नेवेनाला कडेवर घेऊन गावात आली. आल्यापासून पोरीचा खोकला हटत नव्हता. रालित्सा तिच्या छातीला कान लावून लावून निजायची. घरात दोघी वाढल्या असं कागदावर आलं, की इवायलोची कमाई धरली जाणार आणि मदत बंद होणार. ओसरीतल्या लाकडांची रास आताच कमरेखाली आली होती. जी होती त्यातली निम्मी ओली, चुलीत घातली की फुसफुसून रडणारी.

आणखी एक गोष्ट होती, ती रालित्साने कुणालाच सांगितली नव्हती. इवायलोने तिकडे स्पेनला खोली बघितली होती. फेब्रुवारीत या, म्हणत होता. दर फोनला विचारायचा, आजीला सांगितलंस का? आधी मदतीचं मार्गी लागू दे, रालित्सा म्हणायची. लाकडं येऊ देत, रचून होऊ देत, मग सांगते. म्हातारीला गारठ्यात सोडून गेले असं व्हायला नको. त्यामुळे आज जे खोटं बोलायचं होतं ते तिला तितकंसं खोटं वाटत नव्हतं. एकटी. फेब्रुवारीत ते खरंच होणार होतं. थोडं आधी बोलायचं, एवढंच.

पण आज इग्नाझ्देन होता, नाताळाआधीचा सण. या दिवशी उंबऱ्यात पहिलं पाऊल ज्याचं पडेल, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष जातं. आज घरात रडायचं नाही, भांडायचं नाही, शेजारी मीठसुद्धा उसनं द्यायचं नाही. आजचा दिवस जसा जाईल आणि आज चुलीपुढे जे बोललं जाईल, तसंच पुढचं सगळं वर्ष. रालित्सा सोफियाच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकली होती. ती असलं काही मानत नव्हती. तरी सकाळी नेवेना रडायला लागली तेव्हा तिने तिला पटकन छातीशी घेतलं होतं, रोजच्यापेक्षा जरा जास्तच पटकन.

फाटक करकरलं.

बाळाला आणि अभ्र्याचं गाठोडं घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. या खोलीत चूल नव्हती. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी चढली होती. ती आजीच्या जुन्या पलंगावर बसली, रजई दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतली आणि नेवेनाला पाजायला घेतलं, म्हणजे तोंड बंद राहील. खोकू नकोस, ती मनात म्हणत होती. आत्ता नको, राणी.

दाराच्या फटीतून चूल दिसत होती आणि पाठमोऱ्या आजीचा डोक्याचा रुमाल. करागोझोवा बाई आत आल्या. जाड कोट, काखेत कागदांची पिशवी, आणि हातात एक फोडलेलं लाकूड. ओसरीतल्या राशीतूनच उचललेलं. आजच्या दिवशी रिकाम्या हाताने उंबरा ओलांडत नाहीत, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्याही इथल्याच, दोन गावं पलीकडच्या.

आजीचा चेहरा रालित्साला दिसला नाही, पण आवाज एकदम उजळला. पहिलं पाऊल तुझं पडलं होय, ती म्हणाली, बस, बस, उभी राहू नकोस, नाहीतर माझ्या कोंबड्या वर्षभर अंड्यावर बसायच्या नाहीत. बाई हसल्या. माझ्या पायगुणावर विसंबू नका आजी, म्हणाल्या, माझ्या स्वतःच्या कोंबड्या मला विचारत नाहीत. तरी त्या बसल्या. आजीने हातात काटकी दिली, तशी त्यांनी चुलीचं तोंड उघडून निखारे ढवळले आणि म्हणायचं ते म्हटलं. जितक्या ठिणग्या तितकी कोकरं, तितकी पिल्लं, तितकी लेकरं. म्हणताना आवाज जरासा ओशाळला होता. सरकारी माणसाचं काम नव्हे हे. आजीने त्यांच्यापुढे अक्रोडांची वाटी सरकवली.

मग बाईंनी पिशवीतून कागद काढला. नाव विचारलं, जन्मसाल विचारलं, पेन्शन विचारली. चूल कशावर चालते ते समोरच दिसत होतं, तरी विचारलं. आजी सगळ्याची उत्तरं नीट देत होती, शाळेतल्या पोरीसारखी, हात मांडीवर ठेवून. रालित्साचा जीव थोडा खाली आला. नेवेना पीत होती. तिच्या नाकातून वाफ निघत होती, वासरासारखी.

"आणि घरात किती जण?"

चुलीत ओलं लाकूड फुसफुसलं. रालित्साने बाळाचं डोकं घट्ट धरलं. एक शब्द, आजी. एवढासा शब्द.

"तीन," आजी म्हणाली.

बाईंचं पेन हवेतच राहिलं. त्यांना ऐकू आलं होतं, पण त्यांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं. आवाज खाली आणून, सावकाश, लहान मुलाला चुकीच्या पायरीवरून मागे घ्यावं तसं त्यांनी पुन्हा विचारलं.

"आजी, नीट ऐका. मी राहायला कोण ते विचारतेय. येणारेजाणारे पाहुणे मोजायचे नाहीत. पाहुणे सोडून किती?"

"पाहुणी तू आहेस," आजी म्हणाली. "त्या घरच्या आहेत."

"मला मग तसंच लिहावं लागेल."

"लिही."

"मदत थांबेल, आजी. कळतंय ना?"

"म्हातारी झालेय, खुळी नाही झाले." आणि मग मान न वळवता, दाराकडे आवाज टाकून: "रालित्सा, ये बाहेर. पोर गारठेल तिथं."

बाहेर यावंच लागलं. रजईने केस विस्कटलेले, कडेवर बाळ, पोलक्याची गुंडी लावायची राहिलेली. चोरी पकडलेल्या माणसाला जसं उभं राहावं लागतं तशी ती उभी राहिली. करागोझोवा बाईंनी तिच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. बाळाकडे पाहिलं, तिच्या गालाला बोटाच्या पाठीने शिवल्या, आणि कागदावर लिहायला लागल्या. आजीने सही केली. एकेक अक्षर कोरून, जीभ ओठांत धरून.

रालित्सा बाळाला आजीच्या मांडीवर देऊन बाईंना पोचवायला फाटकापर्यंत गेली. अंगणात बर्फ पायाखाली कुरकुरत होता. कुंपणापलीकडचा पडदा हलला आणि थांबला.

"तुम्ही त्यांना काही सांगून ठेवलं नव्हतं का?" बाईंनी विचारलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या. "माझं काम कळवलेलं तपासायचं. पण माणूस म्हणतं ते मी लिहिते. कपाटं उघडत नाही मी कुणाची."

"सांगितलं होतं," रालित्सा म्हणाली.

बाईंनी कोटाच्या खिशात हात घातला. आजीने कोंबलेले अक्रोड वाजले. मग त्या म्हणाल्या, की तुम्ही आणि बाळ दुसरीकडे राहायला गेलात, तर तसं कळवा. कळवलं की आजींचं पुन्हा सुरू करून देता येईल, त्यात अडचण नाही. "जाणार आहात का कुठे? एवढ्यात?"

फेब्रुवारीत, असं म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. तो म्हटला असता तर बाईंनी तिथेच पेन काढलं असतं, म्हातारीची लाकडं वाचली असती, आणि रालित्साच्या पाठीवरचं ओझं त्या अंगणातच उतरलं असतं. मागे घराचं दार नीट लागलेलं नव्हतं. फटीतून उजेड आणि आजीचं बाळाशी चाललेलं बोबडं बोलणं बाहेर येत होतं.

"उद्या फोन करते मी," रालित्सा म्हणाली. "आज नको."

करागोझोवा बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या दाराकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्या," आणि फाटक हलकेच ओढून घेऊन गेल्या.

आत आल्यावर मात्र तिला राहवलं नाही. भांडायचं नाही हे लक्षात होतं, म्हणून आवाज दाबून ती बोलली, आणि दाबलेला आवाज जास्तच कडू निघाला. काय केलंत हे, आजी? मार्चपर्यंत काय जाळायचं? हिच्या छातीत घरघर होते ती ऐकू येत नाही का तुम्हाला? एक शब्द म्हणायचा होता.

आजी नेवेनाला गुडघ्यावर झुलवत होती.

"म्हणते की. उद्या म्हण म्हणालीस तर उद्या म्हणते, एकटी. परवा म्हणते. चावडीवर उभी राहून म्हणते." तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "आज कसं म्हणू?"

रालित्साने पोलक्याची राहिलेली गुंडी लावली.

"तिकडं म्हणे चूल पेटवावीच लागत नाही," आजी बाळालाच सांगितल्यासारखं म्हणाली. "जानेवारीतसुद्धा टोमॅटो लागलेले असतात वेलीला."

म्हणजे आजीला स्पेनचं ठाऊक होतं. केव्हापासून, असं विचारायलाही तोंड नव्हतं. एका खोलीत फोनवर कितीही हळू बोललं तरी ती एकच खोली. रालित्सा चुलीजवळ गेली, हात शेकल्यासारखे केले, वळली.

"आजी, मला तुम्हाला एक—"

"उद्या." आजीने मान वर केली नाही. "जे काय असेल ते उद्या सांग, पोरी. उद्या ऐकेन मी. आज पलंग इकडं आणू. तिघींनी एकाच खोलीत निजायचं, म्हणजे लाकूड कमी लागेल."

तिने नेवेनाला कपड्यांच्या टोपलीत बसवलं, हातात लाकडी कालथा दिला आणि मागच्या खोलीच्या दाराशी गेली. पलंग जुना, बीच झाडाच्या लाकडाचा, आजीच्या लग्नातला. रालित्सा गार खोलीत शिरून डोक्याच्या बाजूला गेली, आजीने पायाची बाजू धरली. दोघींनी तो जमिनीवरून घासत आणला, दारापर्यंत. तिथे तो अडकला. अर्धा ऊबेत, अर्धा गारठ्यात. पलीकडे आजी, अलीकडे रालित्सा, आणि मधून कुणालाच जायला वाट नाही. टोपलीतलं बाळ कालथा आपटत हसत होतं.

"तिरका कर," पलीकडून आजी म्हणाली. धाप लागली होती तिला. "मी एकटी ओढून यायचा नाही तो. तू ढकल."

रालित्साने काचेवरच्या बर्फाकडे एकदा पाहिलं. मग वाकली आणि खांदा लावला.