एका स्क्रूखालचं अर्थिंग

१९६८ साली बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या भाड्याच्या घरात नागनाथने स्वतःच्या हातांनी ॲम्प्लिफायर बांधला. तो निपाणीचा, कारखान्यात वायरमन. बायको कल्पना रविवारी मंडळात गाणार होती, तिच्यासाठी हा खटाटोप. स्पीकर जळू नये म्हणून त्याने आधी आउटपुटला डीसीवर मीटर लावून पाहिला. काटा शून्यावरच होता, म्हणजे स्पीकरला धोका नव्हता. पण स्पीकर जोडताच भुंगा अडकल्यासारखी घूं सुरू झाली.

तीन दिवस त्याने डबा उघडला, मिटला, ट्रान्सफॉर्मरसुद्धा फिरवून बसवला. घूं काही जाईना.

शेवटी कल्पना शेजारी येऊन बसली. "या काळ्या वायरी कसल्या?"

"अर्थिंगच्या. जिथे डब्याचा पत्रा जवळ पडला तिथे जोडल्यात."

"चार ठिकाणी? मग त्यातलं खरं अर्थिंग कुठलं?"

नागनाथने चारही जोडांवरून बोट फिरवलं. "अगं, या चार जागांमधून करंट गोल फिरतोय, तोच घुमतोय!"

त्याने साऱ्या वायरी सोडवल्या, एकाच स्क्रूखाली आवळल्या आणि बटण दाबलं. काहीच ऐकू येईना.

"गेलं वाटतं," तो हिरमुसून म्हणाला.

कल्पनाने माईक उचलला. "अहो, आधी चहा घ्या, गार होतोय!"

तिचा आवाज स्वच्छ, खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बेळगावच्या गंगव्वा कानडीत होकार देत ओरडल्या, "सरी अक्का, आम्हीपण आलो!"

खरोखरच सात माणसं चहाला आली. नागनाथने प्रत्येकाला डबा उघडून तो स्क्रू दाखवला.