दारूविना ठासलेली गोळी

व्हर्जिनियातल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी दर एप्रिलात ठासणीच्या जुन्या लष्करी बंदुकांच्या नेमबाजीचा संघ निवडतात. आठ जणांचा. तीन मिनिटांत टांगलेली तीन मडकी फोडायची. ज्याला जमणार नाही त्याने वर्षभर झेंडा धरून उभं राहायचं. लोर्ना हाइशमनला एकाहत्तरावं लागलं होतं. झेंडा काही वाईट नव्हे, पण तो धरणाऱ्याच्या हाती बंदूक देत नाहीत, आणि लोर्नाला बंदूक हवी होती.

पहिली दोन मडकी तिने अशी उडवली की बाकावरच्या म्हाताऱ्यांनी हातातली कॉफी खाली ठेवली. तिसऱ्यासाठी ती बंदूक भरत होती, तेवढ्यात तिचा धाकटा दीर ड्वाइट, संघाचा कप्तान, मागे येऊन उभा राहिला. बंदूक भरणाऱ्याशी बोलू नये हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण ड्वाइटच्या जिभेला हाड नाही.

"वहिनी, दमलात तर सांगा हं. झेंड्याला कालच इस्त्री करून ठेवलीय."

"तुझ्या तोंडाला कर इस्त्री," लोर्ना म्हणाली, आणि रागारागात गजाने गोळी तळापर्यंत ठासली. घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली, नेम धरला, चाप ओढला.

नुसती टोपी फुटली. पुढे काहीच नाही.

बाई गोळीआधी नळीत बंदुकीची दारू घालायलाच विसरली होती. बाक हसून हसून हलला. याच चुकीवरून तिने पस्तीस वर्षं नवख्यांना सळो की पळो करून सोडलं होतं, त्यामुळे तिचं तिलाही हसू आवरेना. पण घड्याळ थांबलं नव्हतं.

तिने पान्याने टोपीखालचं बोंड, म्हणजे टोपी बसते ती पोकळ खुंटी, काढलं, त्या भोकातून चिमटीने दारू आत सारली, बोंड पुन्हा आवळलं आणि त्यावर नवी टोपी बसवली. एवढ्याशा दारूने गोळी नळीतून सुटते, पण लांब जात नाही, वाटेतच खाली झुकते. लोक ती समोरच्या मातीत सोडून मोकळे होतात. लोर्नाने मडक्याच्या दोन हात वर, मागच्या टेकाडावर नेम धरला.

"मडकं खाली आहे, वहिनी."

"ठाऊक आहे मला."

बंदूक खोकल्यासारखी वाजली. धुरात कुणालाच काही दिसेना. मग खापऱ्या पडल्याचा आवाज आला.

लोर्नाला इतका आनंद झाला की ती काजळलेल्या हातांनी ड्वाइटच्याच गळ्यात पडली. बाकावरचे सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. शर्टाची पर्वा न करता ड्वाइटने वही उघडली आणि आठव्या ओळीत तिचं नाव लिहायला घेतलं.

"तिथे नको," लोर्ना म्हणाली. "सगळ्यात वर लिही."